इलाची कोरफड आणि रविवारचा फोटो

देवदत्त परचुरे हा माणूस तसा कुणाचं काही बिघडवणारा नव्हता. अमेरिकेत रेडमंडमध्ये वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिताना त्याने दुसऱ्यांनी बिघडवलेलंच दुरुस्त केलं होतं, निदान त्याचा तसा समज होता. त्यामुळे ऑगस्टमध्ये मुलगी इला दूर ॲन आर्बरच्या कॉलेजात शिकायला निघाली आणि आपली कोरफडीची कुंडी बाबाच्या हवाली करून गेली, तेव्हा त्याची छाती दोन इंच फुगली.

ही शोभेची कोरफड होती. तळहाताएवढी, गडद हिरव्या पानांवर पांढरे खरखरीत फोड आणि कडेला केशरी दात. बायकोने, म्हणजे सुवर्णाने, केसांना लावता येईल का एवढंच विचारलं, तर त्याने तिला शोभेच्या कोरफडींवर वीस मिनिटं व्याख्यान दिलं. ती सगळी माहिती त्याने आदल्याच दिवशी वाचली होती.

इलाची सूचना सोपी होती. तीन आठवड्यांतून एकदा पाणी, हिवाळ्यात जवळजवळ नाहीच. "बाबा, काही करू नकोस. दॅट्स द होल जॉब." आता काही न करणं हे काम देवदत्तला आयुष्यात कधी जमलेलं नव्हतं. त्याने कुंडीची खिडकी तीनदा बदलली, वर दिवा लावला, मातीत ओलावा मोजायची सळई खुपसली आणि दर रविवारी इलाला फोटो पाठवायला सुरुवात केली.

खरी गोम त्या फोटोत होती. आईशी इला रोज तासभर बोलायची. बाबाच्या वाट्याला 'हाय बाबा, आईला दे' एवढंच यायचं. पण कोरफडीचा फोटो गेला की पाठोपाठ त्याच्याच नावाने फोन यायचा. नवं पान फुटलं का, रंग उतरला का, अशी पाच-सात मिनिटं बापलेक कोरफडीवर बोलत. त्या सात मिनिटांची देवदत्त सोमवारपासून वाट बघायचा. हे त्याने सुवर्णालाही सांगितलं नव्हतं, कारण पन्नाशीच्या माणसाने सांगावं असं ते नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये कोरफडीशेजारची, त्याच खिडकीतली तुळस दर वर्षीप्रमाणे थंडीने गेली. आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालायची त्याची लहानपणापासूनची सवय मात्र गेली नाही. हातात तांब्या, तोंडात पुटपुटणं आणि समोर तुळस नाही, अशी पंचाईत झाली की हात आपसूक शेजारच्या कुंडीकडे वळायचा. घोटभर पाण्याने काय होतंय, असं तो स्वतःला समजवायचा. सळई रोज ओलं दाखवू लागली, तेव्हा सळई बिघडली असं ठरवून त्याने नवी मागवली. नवीही तेच सांगू लागली, तेव्हा हल्ली कुठल्याच मालाचा भरवसा राहिला नाही म्हणून त्याने दोन्ही फेकून दिल्या.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या रविवारी फोटोसाठी कोरफड जरा सरळ करावी म्हणून त्याने हात लावला, तर मुळा उपटावा तशी ती अख्खी हातात आली. खाली मुळं नव्हतीच, काळा चिकट लगदा होता. सुवर्णा पोळ्या लाटता लाटता वळली, लगद्याकडे पाहिलं, "अति तिथे माती" म्हणाली आणि पुन्हा पोळपाटाकडे वळली. देवदत्तला रडू यायचंच बाकी होतं. आता रविवारी इलाने फोन कशाला करायचा, हे त्याला कळेना.

शहाण्या माणसाने तिथल्या तिथे कबूल केलं असतं. देवदत्तने फोनमधले जुने एकशे बारा फोटो उघडले, त्यातला सगळ्यात टवटवीत निवडला आणि पाठवून दिला. सात मिनिटं मिळाली. मग शनिवारी त्याने पावसात पाच नर्सऱ्या पालथ्या घातल्या, कारण इला दोन आठवड्यांनी सुट्टीला घरी येणार होती. तशी कोरफड कुठेच मिळाली नाही. रविवारी त्याने दुसरा जुना फोटो पाठवला.

फोन लगेच आला. "बाबा, डिसेंबरमध्ये आपल्या मेपलला पानं कशी?"

त्याने फोटो नीट पाहिला. कुंडीमागे खिडकी, खिडकीबाहेर मेपल आणि मेपलवर ऑगस्टमधली हिरवीगार पानं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कोडमधला चुकलेला स्वल्पविराम शोधणाऱ्या माणसाला अख्खं झाड दिसलं नव्हतं.

पितळ उघडं पडल्यावर त्याने सगळं सांगून टाकलं. तुळस, तांब्या, दोन सळया, लगदा, पाच नर्सऱ्या. वर हेही म्हणाला की तू येईपर्यंत कुठूनही तशीच मागवतो.

"बाबा, आय डोन्ट केअर अबाउट द प्लांट," इला म्हणाली. "तू दुसरं काही विचारतच नाहीस. सो आय टॉक अबाउट द प्लांट."

चार महिने तो मनातल्या मनात कुरकुरत होता की पोरगी आपल्याशी कोरफडीपलीकडे बोलत नाही. कुरकुर रास्त होती, फक्त ती इलाने करायला हवी होती. देवदत्तला भयंकर लाज वाटली. काहीतरी विचारायला हवं होतं, आणि मीटिंगमध्ये प्रश्न विचारून विचारून ज्युनिअर लोकांना घाम फोडणाऱ्या या गृहस्थाला स्वतःच्या मुलीसाठी एक प्रश्न सुचत नव्हता.

"तुझी ती रूममेट कशी आहे, प्रीता?" शेवटी त्याने विचारलं.

"प्रीता ऑक्टोबरमध्येच मूव्ह आउट झाली, बाबा," इला म्हणाली. "इट वॉज रिअली बॅड, ॲक्चुअली. मी आईला पण सगळं सांगितलं नाही."

ऑक्टोबरमध्ये त्याने तिला एका नव्या पानाचे चार बाजूंनी चार फोटो पाठवले होते, आणि तिने उत्तर दिलं होतं, नाइस, बाबा.

"सांग," देवदत्त म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.