गुरुवारची टोपली

श्रीकृष्ण पांढरीपांडे यांनी भूमी अभिलेख कार्यालयात तेहतीस वर्षं नकाशे सांभाळले. कुठल्या गावाचा कुठला नकाशा कुठल्या कपाटात, हे ते झोपेतही सांगायचे. पण घरातला मोहरीचा डबा कुठे असतो, हे त्यांना वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं.

ऐन आषाढात कुंदाताईंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. सगळ्या शब्दांतून एकच मागे राहिला, "हो". चहा हवा का? हो. नको का? तरी होच. डोळ्यांत मात्र कधी होकार असायचा, कधी नकार, आणि श्रीकृष्णांना तो ओळखू यायचा नाही.

जेवणाचा डबा लावला होता. कुंदाताई दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. दिवाळीला नागपूरहून मुलगी भैरवी आली, तिनं आईचं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. जाण्याआधी तिनं बाबांचं नाव एका शेतात नोंदवून टाकलं.

शेत आर्णीजवळ होतं, युनूस आणि अनवरी या नवराबायकोचं. यवतमाळातली चाळीस घरं हिवाळाभर त्या शेताची वाटेकरी झाली होती. दिवाळीला नाव देऊन हिवाळ्याचे पैसे भरायचे, मग होळीपर्यंत दर गुरुवारी भाजीची टोपली दारात.

"काय हवं ते आपण सांगायचं ना?" श्रीकृष्णांनी विचारलं.

"नाही बाबा. त्या आठवड्यात शेतात जे निघेल ते."

"आणि ते शिजवायचं कोणी?"

भैरवीनं त्यांच्याकडेच बोट दाखवलं. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

पहिल्या गुरुवारी युनूसनं टेम्पोतून टोपली उतरवून दिली. वांगी, मुळे, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची जुडी, आणि बारीक पानांची एक भाजी, जी श्रीकृष्णांनी ताटात हजारदा खाल्ली असेल, पण कच्ची कधी पाहिली नव्हती. टोपलीवरच्या चिठ्ठीत अनवरीचा नंबर होता. त्यांनी फोन केला.

"हरभऱ्याची कोवळी भाजी हाय ते काकाजी," ती म्हणाली. "लसणाची फोडणी द्या, थोडं बेसन लावा. झालं."

श्रीकृष्णांनी कार्यालयात करावं तसं चोख काम केलं. भाजी तीन पाण्यांतून स्वच्छ धुतली, शिजवली, वाढली. कुंदाताईंनी घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जेवणाबद्दल काही उमटलं होतं. श्रीकृष्णांनी तिथूनच पुन्हा फोन लावला.

"धुतली? कायले धुतली?" अनवरी इतकी ओरडली की खोलीभर ऐकू आलं. "पानावरची आंबट आंब सारी मोरीत गेली ना! ते भाजी धुवत नसते काकाजी!"

मागून कसलासा आवाज आला म्हणून ते वळले. कुंदाताई हसत होत्या. तोंड एका बाजूला कलत होतं, पण हसत होत्या.

तेव्हापासून गुरुवारचा एक रिवाजच पडला. श्रीकृष्ण टोपलीतली भाजी टेबलावर पसरायचे, आणि कुंदाताई डावा हात पुढे करून जी आधी करायची तिच्यावर ठेवायच्या. नको असेल ते बोटानं लांब ढकलायच्या. तोंडातून 'हो'च यायचं, पण आता चूक होत नव्हती. फोडणीत मिरची किती, हेही त्या बोटांवर दाखवू लागल्या. पौषात श्रीकृष्णांनी अनवरीच्या फोनवरच्या सूचनांवर तुरीचे सोले, म्हणजे ओले दाणे, घालून वांग्याची भाजी केली, तेव्हा कुंदाताईंनी अख्खी भाकरी संपवली. ते पाहून त्यांना एकदम पाणी प्यायला स्वयंपाकघरात जावं लागलं.

जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी दुपारी आभाळ भरून आलं आणि गारा पडल्या. संध्याकाळी अनवरीचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"उद्या टोपली नाही येणार काकाजी. सारं झोडपून टाकलं गारांनी. तुमी बाजारातून घेऊन घ्या." आणि मग हळूच, "काकूले सांगा."

सकाळी कुंदाताई नेहमीसारख्या दाराशी खुर्चीत बसल्या. श्रीकृष्णांनी त्यांना सांगितलं. ऐकून त्या पायानं कोपऱ्यातल्या चपला पुढे ओढू लागल्या.

"कुठे जायचंय?"

"हो," त्या म्हणाल्या आणि डावा हात आर्णी रस्त्याच्या दिशेनं लांबवला.

शेजारच्या अंकुरकडे गाडी होती. तो सोडायला तयार झाला. तासाभरात ते शेताच्या बांधाशी उतरले. पालकाची पानं चाळणीसारखी झाली होती, वांगी फुटून पडली होती, मेथीचा तर नुसता चिखल. अनवरी वाफ्यात उकिडवी बसून फुटकी वांगी वेचत होती. फोनवर इतकं हसणारी ही बाई अशी किरकोळ बांध्याची असेल, असं श्रीकृष्णांना वाटलं नव्हतं.

"काकू, तुमी कशाले आल्या? इथं पाह्यासारखं काय उरलं?" ती उठत म्हणाली.

कुंदाताई काठी टेकत तिच्यापर्यंत गेल्या. काठी श्रीकृष्णांच्या हातात देऊन त्यांनी डावा तळवा अनवरीच्या गालावर ठेवला. "हो," त्या म्हणाल्या. "हो. हो." अनवरी काल दुपारपासून रडली नव्हती. आता रडली.

मग दुपारभर सगळे कामाला लागले. बांधावरची तूर झोडपली गेली होती, तरी खाली पडलेल्या शेंगांत दाणा चांगला होता. श्रीकृष्ण आणि युनूस शेंगा वेचत राहिले. बाजेवर बसून अनवरी त्या सोलत राहिली आणि कुंदाताई डाव्या हातानं दाणे निवडत राहिल्या. युनूसकडून नंबर घेऊन इतर वाटेकऱ्यांना श्रीकृष्णांनी तिथूनच फोन लावले. "पडलेल्या शेंगा आहेत, येऊन घेऊन जा, आणि येताना दोन हात घेऊन या," असं ते जुन्या कार्यालयीन आवाजात सांगत होते. रविवारी अकरा घरची माणसं आली. वाफे साफ झाले, आळी नव्यानं बांधली गेली.

त्या रविवारी अनवरीनं मेथीचं बी कुंदाताईंच्या डाव्या हातात दिलं. "चिमटीनं सोडा काकू." चिमूट जमेना. बी मुठीतून सांडत गेलं, कुठे दाट, कुठे विरळ, ओळ नागमोडी. श्रीकृष्ण सरळ करायला वाकले, तर अनवरीनं त्यांना अडवलं. "राहू द्या. उगवते तसंही."

कुंदाताईंना त्या हिवाळ्यात दुसरा शब्द काही फुटला नाही. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. होळीच्या आधीच्या गुरुवारी युनूस टेम्पोतून उतरला, टोपली खाली ठेवली आणि वेगळी बांधलेली एक मोठी जुडी कुंदाताईंच्या मांडीवर दिली. "हे काकूच्या ओळीतली. सगळ्यात दाट हेच निघाली."

कुंदाताईंनी जुडी नाकाशी नेली आणि डोळे मिटले. श्रीकृष्ण तिथेच दाराशी, त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले आणि मेथी निवडायला लागले.