कापलेली अकरा मिनिटं

मी एक जुना सिनेमाचा प्रोजेक्टर आहे. लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या कोपऱ्यात पडून आहे, आणि मित्रांनो, मला फार राग आला आहे.

या जागी पूर्वी पत्र्याची टॉकीज होती. विरूपाक्षशेठ ती चालवत. मोठे सिनेमे परवडत नसत, म्हणून ते स्वस्तातले घोडेवाले इंग्रजी सिनेमे आणत. त्यातल्या एकावर माझा जीव होता. दोन घोडे, पाच माणसं, एक बोडका डोंगर, एवढ्यात सगळा कारभार. भावाच्या खुन्याला शोधत एक माणूस निघतो. खुनी सापडत नाही, घोडा मरतो आणि शेवटी अकरा मिनिटं तो नुसता चालत राहतो. इंग्रजी कुणाला येत नव्हतं, पण तो बोलतच कुठे होता! आणि ते माळरान तर थेट औशाकडचं वाटायचं. लोक विडी ओढायचीही विसरत.

पण खेड्यांकडची शेवटची एसटी सहाला सुटायची. बस चुकते म्हणून बाजारकरी कुरकुरू लागले, तेव्हा शेठनी कात्री घेतली आणि ते चालणंच कापून बिस्किटाच्या डब्यात टाकलं. म्हणे, त्यात काही घडत नाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग भूकंप झाला. काही महिन्यांनी किल्लारीकडचे शिवलिंगमामा तोच सिनेमा पुन्हा बघायला आले. खेळ संपला तरी उठेनात.

“मालक, त्यो मानूस चालत जातो, ते कुठं गेलं?”

“निस्तं चालनं व्हतं मामा. तुमची बस चुकती म्हनून कापलं.”

“घर गेलं, घरातली मानसं गेली. आता कोन्च्या बसची घाई हाय मला? त्यो कुठंच पोचत न्हाई, तरी चालतो. तेवढंच बघाया आलो.”

शेठ उठले. डबा काढला, तुकडा जोडला आणि शेवट पुन्हा लावला. त्या दिवशी सहाची बस गेली, पण टॉकीजमधून कुणी हललं नाही.

पुढे टॉकीज बंद पडली. शेठचा मुलगा मल्लेश याने इथे क्लास काढला. आता माझ्या डोक्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. आज चाचणीत मागे पडलेल्या जळकोटच्या रुद्राणीला मल्लेश सर सगळ्यांसमोर म्हणाले, “कुठं पोचायचं तेच माहीत नसेल तर सहाची बस धर आणि घरी जा.” पोर माझ्या आडोशाला बसून रडत राहिली.

म्हाताऱ्या शेठनी ते बघितलं आणि माळ्यावरून त्या सिनेमाचं शेवटचं रीळ काढलं. “मल्लेश, पोरीला शेवट तेवढा दाखवू दे रे.”

“अप्पा, त्यात काही घडत न्हाई. उद्या भंगारवाला यायलाय, त्याला देऊन टाका सगळं.”

बापाने केलेली चूक मुलाने जशीच्या तशी उचलली! काही घडत नाही म्हणे! मग शिवलिंगमामा कशासाठी आले होते?

मित्रांनो, उद्या मला खुशाल भंगारात घाला. पण आज एकदा माझा दिवा लावा. तो पांढरा फळा पुसा, तोच पडदा होईल. शेठ रीळ धरून उभे आहेत आणि रुद्राणीने दप्तर उचललं आहे. तिला थांबवा. तिची बस चुकली तर चुकू द्या.