तीन महिन्यांचं सामान

अभिनवने पाठवलेली यादी चार पानांची होती. वर लिहिलं होतं, ‘आई, लाइट पॅक कर.’ खाली अठ्ठावन्न वस्तू होत्या. गोडा मसाला दोन किलो, भाजणी तीन किलो, क्षितिजाचे शिवायला टाकलेले नऊ ब्लाउज, त्याचे स्वतःचे दोन चष्मे, सान्वीसाठी सुती झबली आणि लंगोट, कुकरच्या रिंगा, बिडाचा तवा. तेवीस किलोच्या दोन बॅगा एवढ्यातच भरल्या. सुचेताच्या कपड्यांना हातातली सात किलोची बॅग उरली.

“तुला तिथे लागतं काय?” अभिनव फोनवर म्हणाला होता. “घरातच तर असशील. आणि तीन महिन्यांचा प्रश्न.”

सुचेता बासष्ट वर्षांची, पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. नवरा गुणवंत विमा कंपनीतून निवृत्त. भाईंदर पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर दोघांचं घर. मुलगा अभिनव न्यू जर्सीत, मुलगी रसिका गोडदेवला, चालत दहा मिनिटांवर. रसिकाला डॉक्टरांनी पाच नोव्हेंबरची तारीख दिली होती. पहिलं मूल दोन वर्षांपूर्वी चौथ्या महिन्यात गेलं होतं. या वेळी चौथा महिना सुखरूप पार पडला, तेव्हाच सुचेताने अमेरिकेला जायला होकार दिला. जावई निकेतला आई नव्हती. बाळंतपण सुचेताच करणार, यावर कधी बोलणंही झालं नव्हतं. आठ जुलैला निघायचं आणि दहा ऑक्टोबरला परत, हा हिशेब तिने त्यावरूनच केला होता.

अभिनवची मुलगी सान्वी साडेपाच महिन्यांची होती. तिची दुसरी आजी, म्हणजे क्षितिजाची आई, जानेवारीपासून तिथे होती. पाहुणे म्हणून गेलेल्यांना एका वेळी सहाच महिने राहता येतं, त्यामुळे त्या नाशिकच्या विहीणबाईंना अकरा जुलैच्या आत निघणं भाग होतं. सुचेता नऊला पोचणार. मधल्या दोन दिवसांत एका आजीने दुसरीला काम समजावून द्यायचं. बिल्डिंगमध्ये या पद्धतीचं कुणाला नवल नव्हतं. खालच्या मजल्यावरची दिव्याबेन भेटली की विचारायची, “भाभी, आपकी सेकंड शिफ्ट कब से?”

पाच जुलैला सकाळी विहीणबाईंचा फोन आला.

“विहीणबाई, स्वेटर-बिटर काही घेऊ नका हं. माझा जाड कोट इथेच ठेवतेय. बूटही. तुमचा पाय सहा नंबरच ना? डिसेंबरात इथे नुसतं दार उघडलं तरी कापरं भरतं.”

“डिसेंबरात मी कुठे तिथे? मी दहा ऑक्टोबरला परत.”

पलीकडे टीव्हीचा आवाज वाढला. मग विहीणबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुम्हालाही तीनच महिने सांगितलेत होय?”

“म्हणजे?”

“मलाही तीनच सांगितले होते. एप्रिलात परतायचं होतं. मग क्षितिजाला बरं नव्हतं, मग पाळणाघरात नंबर लागेना, मग आता उन्हाळा सुरू होतोय तर थांबच. माझी आई मे महिन्यात गेली. सगळं फोनवर बघितलं. मी काही बोलले नाही असं समजा. मला इथे अजून पाच दिवस काढायचेत.”

गुणवंत हॉलमध्ये पेपर वाचत होता. सुचेता समोर जाऊन उभी राहिली.

“अहो, तिकीट बघू.”

“फाइलीत आहे की.”

फाइलीत जाण्याचं पान होतं. परतीचं नव्हतं.

“दुसरं पान?”

“ते मोबाइलमध्ये असेल. कशाला प्रिंट काढायचं उगीच.”

“मग मोबाइल द्या.”

परतीची तारीख चार जानेवारी होती.

“कधीपासून माहितीय तुम्हाला?”

“अगं, तारीख बदलता येते. त्यात एवढं काय...”

“कधीपासून?”

“जूनपासून.” गुणवंतने पेपरची घडी घातली. “आणि मी काही गप्प बसलो नव्हतो. गोडदेवचीच एक बाई बघून ठेवलीय. बाळ-बाळंतिणीची मालिश, अंघोळ, शेक, सगळं करते. डबा लावू. आणि मी आहे ना.”

गुणवंतने स्वतःच्या दोन मुलांपैकी एकालाही कधी अंघोळ घातली नव्हती. सुचेताने तसं बोलून दाखवलं नाही.

संध्याकाळी रसिका ऑफिसातून थेट आली. बॅगा भरायला मदत करायची म्हणून ती रोज येत होती. खाली वाकता येत नव्हतं, म्हणून खुर्चीत बसून यादीवर टिक करायची.

“तुझ्या दादाने मला चार जानेवारीपर्यंत ठेवायचं ठरवलंय,” सुचेता म्हणाली.

रसिकाने पेन खाली ठेवलं नाही. “माहितीय. जूनमध्येच सांगितलं त्याने. म्हणाला, आईला बोलू नको, ती यायचीच नाही.”

“आणि तू बोलली नाहीस.”

“नाही.”

“का गं?”

“सांगितलं असतं आणि तरीही तू गेली असतीस तर?” रसिका यादीकडेच बघत होती. “त्यापेक्षा तुला माहीतच नव्हतं, हे बरं होतं. मला.”

सुचेताने हातातली झबली बॅगेत ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्पीकरवर अभिनवला फोन लावला.

“आई, ऐकून घे. क्षितिजा एक ऑगस्टला ऑफिस जॉइन करतेय. पाळणाघरात जानेवारीशिवाय जागा नाही. रसिका तिथे आपल्या माणसांत आहे, निकेत आहे, बाबा आहेत. इथे आम्हाला कोण आहे?”

“दहा ऑक्टोबरचं तिकीट करून पाठव. मग मी निघते.”

“आलीस की करू ना.”

“आधी.”

“तू ब्लॅकमेल करतेयस मला?”

“तिकीट मागतेय.”

गुणवंत पुढे सरकला. “अभि, मी काय म्हणतो, आई परतली की मी येतो. व्हिसा माझाही आहे. जानेवारीपर्यंत मी बघतो सान्वीला.”

“बाबा, प्लीज. तुम्ही काय करणार इथे येऊन? तुम्हालाच सांभाळायला कुणीतरी लागेल.”

मागे क्षितिजा हसल्याचं ऐकू आलं. गुणवंतने हात पुढे करून फोन कट केला, तो सुचेताचा असूनही. “बरोबर आहे त्याचं,” तो म्हणाला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

आठ जुलैपर्यंत तिकीट आलं नाही. बॅगा मात्र वेळेत तयार झाल्या. दिव्याबेनकडचा हातकाटा आणून गुणवंतने त्या तोलल्या. एक बावीस किलो नऊशे, दुसरी तेवीसला पन्नास ग्रॅम कमी. टॅक्सी सहाला येणार होती. सुचेता नवी साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन बसली होती. सान्वीला तिने अजून एकदाही हातात घेतलेलं नव्हतं.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना फोन वाजला. तिकीट आलं होतं. परतीची तारीख बावीस नोव्हेंबर. खाली अभिनवचा मेसेज : ‘दोन्ही बाजू बघून मधलं केलंय. रसिकाला सांग, फक्त सतरा दिवसांचा फरक आहे.’

सुचेताने भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिवस मोजले. दहा ऑक्टोबरपासून त्रेचाळीस, चार जानेवारीपर्यंत त्रेचाळीस. तारीख बरोबर मधली होती.

निरोप द्यायला आलेल्या रसिकाने मेसेज वाचला. “लहानपणापासून असाच आहे. अर्धं-अर्धं करतो, पण आधी एक चावा घेऊन.”

“टॅक्सीला नको म्हणून सांगा,” सुचेता म्हणाली.

“सुचेता, विचार कर,” गुणवंत म्हणाला. “त्या बाई परवा निघतायत. मग त्या एवढ्याशा पोरीला कोण?”

“तिला आईबाप आहेत.”

“असं तोडून बोलतेस! नात आहे ती तुझी.”

“म्हणूनच साडी नेसून बसले होते ना?” एवढं बोलून ती आत गेली आणि साडी बदलून बाहेर आली. कुकर लावला. रसिकाला तिने जेवूनच जायला सांगितलं. रसिका थांबली.

अभिनवला तिने स्वतः कळवलं. उत्तर आलं, ‘ओके.’ क्षितिजाने बिनपगारी रजा वाढवून घेतल्याचं विहीणबाईंकडून कळलं. त्या मुंबई विमानतळावरून नाशिकची गाडी पकडण्याआधी पाच मिनिटं बोलल्या. “तुम्हाला जमलं,” एवढंच म्हणाल्या. शाबासकी होती की राग, ते सुचेताला ठरवता आलं नाही. रविवारचा व्हिडिओ कॉल आला नाही. सान्वीचे फोटो ज्या ग्रुपवर यायचे, तो ग्रुप शांत झाला.

तेरा तारखेला अभिनवचा मेसेज आला, तो गुणवंतच्या फोनवर. ‘मीरा रोडचे एक काका-काकू पंधराला इकडे येतायत. त्यांच्याकडे सामान कमी आहे. निदान बॅगा तरी पाठवा.’

गुणवंतने तो मोठ्याने वाचला आणि वाचून झाल्यावर सुचेताकडे बघायचं टाळलं.

“पाठवा,” ती म्हणाली.

चौदाला ते काका स्वतः रिक्षा घेऊन आले. भला माणूस. दोन्ही बॅगा उचलून बघितल्या, वजनाची खात्री केली आणि म्हणाले, “आम्ही तर फक्त तीन महिन्यांसाठी चाललोय हो. लेकाने सांगितलंय, काही आणू नका.”

सगळं सांगून टाकायचं सुचेताच्या ओठांवर आलं होतं. त्यांच्या पत्नी खाली रिक्षात बसल्या होत्या, गॅलरीतून दिसत होत्या. मांडीवर पर्स, केस नीट बांधलेले.

“परतीचं पान बघून घ्या तिकिटाचं,” ती म्हणाली.

“सगळं मुलाकडे आहे,” काका हसले. “तोच बघतो.”

सतराला अभिनवने कळवलं, ‘बॅगा मिळाल्या.’ पुढे काही नव्हतं. त्या दिवशी रसिकाला सोनोग्राफीला न्यायचं होतं. दवाखान्याच्या बाकावर नंबरची वाट बघताना रसिका म्हणाली, “आई, तू राहिलीस म्हणून मला बरं वाटतंय असं समजू नकोस. रोज तुझं तोंड बघते मी.”

“मग बघू नकोस.”

“दादा मला फोन करत नाही आता.”

“मलाही नाही करत.”

आतून नाव पुकारलं. रसिकाला बाकावरून उठायला आधार लागत होता. सुचेताने हात पुढे केला. रसिकाने आधी बाकाची कड धरून बघितली, मग तो हात धरला.