कंबर सरळ करायची मुभा

“बाबूजी, बाईनं कंबर सरळ केली की धान रुसते का?”

कामठा गावच्या शिवारात, धानाच्या बांधीत निंदण करणाऱ्या बायांनी एकदम माना वळवल्या. बापाला हे विचारायची पैज रेणूच्या मैत्रिणींनी शाळेत लावली होती, पण आत्ता ती पैजेसाठी बोलली नव्हती. तिची आई मंजू कमरेवर हात ठेवून जरा उभी राहिली, तर शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभ्या असलेल्या रेणूच्या बापानं, भूपेंद्रनं, सगळ्यांदेखत टोमणा हाणला होता, “काऊन व, पाहुणी आलीस का?” आई लगेच पुन्हा वाकली. सकाळी खाटेवरून उठताना तिला रेणूचा हात धरावा लागतो, हे या माणसाला दिसत नाही?

“वाकल्याबिगर गवत निघते का?” भूपेंद्र म्हणाला.

“निघते. उभ्यानं चालवायचं निंदणाचं यंत्र गोठ्यात टांगून ठेवलं तुमीच.”

“ते ढकलताना बाया फिरायला आल्यावानी दिसतात. मजुरी कायची द्यायची?”

रेणूचं डोकं फिरलं. म्हणजे पाठ मोडलेली दिसली, तरच ते काम! “मग तुमी वाका. गवत नका उपटू, नुसते वाकून राहा.”

“वाका जी, पोरगी सांगून राहिली,” रुख्मा मजुरीण हसत म्हणाली.

चिडून भूपेंद्र वाकला. जरा वेळातच मांड्या थरथरल्या, कपाळावर घाम आला.

“काहीच न करता दमले तुमी. आईची ताकद स्वतःचं धड पेलण्यातच जाते, बाबूजी. उरलेल्या ताकदीत ती गवत काढते.”

तो हसण्यावारी नेणार, तेवढ्यात भाकरी घेऊन आलेली त्याची आई यशोदाबाई, काठीवर दुमडलेली, म्हणाली, “हासू नको. तुहा बापही असाच ओरडे. तवा मले उभं राहू दिलं नाही. आता राहीन म्हणलं तरी राहता येत नाही.”

भूपेंद्रनं आईची पाठ पाहिली, मग बायकोची. धुऱ्यावरून उतरून त्यानं मंजूचा हात धरला. “बस घडीभर,” एवढंच म्हणाला.

लोकहो, वाकलेल्या पाठीवरून मेहनत मोजायला आपल्याला कोणी शिकवलं? शरीराला सुख देणारी रीत कामही जास्त देते. तिला आळस म्हणणं हाच अन्याय आहे.

“आई, बाबूजी, ऐका,” रेणू म्हणाली. “उद्या निंदण यंत्रानं होईल. पहिली फेरी मी मारीन. दुसरी बाबूजी मारतील.”