जाजमावरचा भलताच पाव्हणा

ऐक, मधी बोलू नको, नुसतं ऐक! आपला शांतलिंग हाय न्हवं, बेंबळीच्या किराणावाल्याचा? उर्दू हायस्कुलात आपल्या दोस्ताच्या, हनीफच्या बाकावर बसायचा, तोच. त्यानं काय करून ठेवलंय माहीत हाय का?

दसऱ्यामागच्या पुनवेला सगळा मुलूख देवीला तुळजापूरला लोटला होता. रस्त्यावर पाय ठेवायला जागा न्हाय. शांतलिंग म्हणला, "हनीफ, सगळे तिकडं चाललेत, आपण उलटं तोंड करू. तेरला जाऊ."

"तेरला कोण मेलंय?"

"आरं, विटांचं देऊळ हाय, लई जुनं. आन् पांढरीच्या, म्हंजी जुन्या गावठाणाच्या टेकाडात आख्खं गाव गाडलंय म्हणं. पाऊस पडला की मणी वर येतात."

"खायला काय वर येतं?"

"चल तर!"

एकच सायकल. हनीफ पायडल मारतोय, त्याच्या लाल रुमी टोपीचा गोंडा वाऱ्यावर उडतोय, आन् शांतलिंग पुढच्या दांडीवर, दसऱ्याचं कोरं धोतर सावरत. ज्वारी गुडघ्याएवढी, रस्त्यावर चिटपाखरू न्हाय. दोघं नुसते ओरडत सुटले. तेरणा नदीच्या पाण्यात सायकल खांद्यावर, धोतर डोक्यावर!

गावात शिरले न शिरले तोच एक गलमिशावाला म्हातारा धावत आला. त्याचं नाव गुरुसिद्धप्पा. त्यानं आधी शांतलिंगाच्या गळ्यातलं लिंग बघितलं, म्हंजी आपल्याच जातीचा, मग कोरं धोतर, मग हनीफची टोपी. आन् सायकलीचं हँडलच धरलं.

"या, या पाव्हणं! सकाळधरनं डोळं लावून बसलोय!"

"आवो, आमी देऊळ..."

"देऊळ कुठं पळतंय व्हय? आधी पाय धुवा!"

शांतलिंगाला तर आभाळ ठेंगणं. हनीफच्या कानात म्हणला, "बघ! तुळजापुरात कुणी पाणी तरी विचारलं असतं का?"

ओसरीवर जाजम, तक्क्या. हनीफची टोपी बघून म्हाताऱ्याला वाटलं, हे तहसिलातले कुणी साहेब मध्यस्थ आलेत. त्याला तर दोन तक्के! मग भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुसला आला, ताटं भरून, वर शेंगदाणे, हिरवी मिरची. दोघं तुटून पडले. शांतलिंगाचा तिसरा घास तोंडात, आन् आतनं एक पोरगी आली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, मान खाली. येऊन पाटावर बसली.

तवा कुठं शांतलिंगाच्या टाळक्यात उजेड पडला.

हनीफ कुजबुजला, "उठ. सायकल दारातच हाय."

उठणार होता रे! पण दाराआड पोरीची आत्या द्वारकाबाई शेजारणीला सांगत होती, "दोन स्थळं मोडली. म्हणं, पोरगी पांढरीत माती उकरीत हिंडती. आज तिसरं मोडलं की चौथं कोण दारात येतंय?"

आता कसं उठावं? बिनबोलता पळाला तर नकाराचा शिक्का तिच्याच कपाळी!

गुरुसिद्धप्पा म्हणला, "विचारा की काय विचारायचं ते. साहेब, तुम्ही विचारा."

साहेब घाबरले. "शेवया... शेवया येतात का?"

"येतात," पोरगी म्हणली. एवढंच.

शांतलिंगाच्या तोंडातनं निसटलंच, "त्या टेकाडात मणी घावतात, ते खरं हाय का?"

आन् पोरीनं मान वर केली! उठली, आत गेली, टोपलीच घेऊन आली. निळे मणी, लाल मणी, शंखाच्या बांगडीचे तुकडे, एक मातीची बोटभर बाई, तिच्या कानात हे मोठ्ठाले डूल.

"ही वेशीजवळ घावली," ती म्हणली. "पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी सकाळी जायाचं. ऊन तिरपं पडतं, मणी चमकतो. दुपारी आंधळं टेकाड."

"मला दावशील?"

"सारजा!" म्हातारा वरडला. पण ती काय थांबते? आन् हा जाजमावरनं सरकत सरकत टोपलीपाशी. दोघांची डोकी एका जागी!

आन् तेवढ्यात दारात बैलगाडी. खरे पाव्हणे! बार्शीचे, इंग्रजी हद्दीतले. आगगाडीत घोरत पडले, पुढच्या टेसनावर उतरले, तिथनं धूळ खात माघारी. नवरदेव काळ्या कोटात, घामानं निथळतोय.

गुरुसिद्धप्पानं तिकडं बघितलं, इकडं बघितलं. "मग तुम्ही कोण?"

"बेंबळीचा शांतलिंग."

"आन् आलात कशाला?"

"फिरायला."

"फिरायला? काम न्हाय, सोयरीक न्हाय, नुसतं फिरायला?"

"व्हय."

नवरदेवाचा चुलता टोपली बघून नाक मुरडत म्हणला, "ही माती घरात कशाला?" सारजानं मातीची बाई पदरात घेतली. पण मान खाली घातली न्हाय, शांतलिंगाकडंच बघत राहिली.

म्हातारा म्हणला, "पोरा, हे जाजम सोयऱ्यासाठी अंथरलंय. तसा असशील तर बस. न्हाईतर उठ."

हनीफनं सायकल धरलेली. काळा कोट उंबऱ्यात ताटकळलेला. घरी आईबापाला ह्यातलं काडीचं ठाऊक न्हाय.

आन् शांतलिंगानं मांडी आणखी घट्ट घातली. म्हणला, "आप्पा, उद्या वडलांना घेऊन येतो. पण आज टेकाड बघितल्याबिगर उठत न्हाय."

सारजा फस्सकन हसली. भर ओसरीत!

आता तू खरं सांग, त्या जाजमावर तू असतास तर उठला असतास का?