बोट कुणी धरलं होतं

बाबांना जाऊन सात दिवस झाले आणि त्या सात दिवसांत फुलीबाई आमच्या हापशीवर एकदाही आली नाही. तिच्या आणि आमच्या दारात वीस पावलांचं अंतर. तरी ती हंडा घेऊन चिंचेखालून वळसा मारत नाल्यावर जायची आणि मी दिसले की पदर तोंडावर ओढायची.

कारण मला माहीत होतं. जाण्याच्या आदल्या दुपारी बाबा खाटेवर अर्धे उठले, माझ्याकडे बोट केलं आणि ओरडले, "हीच. हीच डाकीण." फुलीबाई तेव्हा ताक घेऊन दारात उभी होती. खांडबाऱ्याच्या बाजारात ही गोष्ट माझ्याआधी पोचली.

आमच्या डोंगरात हा शब्द नुसती शिवी नाही. तो चिकटला की आधी पाणी तुटतं, मग लेकरं अंगणातून जाईनाशी होतात, आणि मग कुणाचं वासरू मेलं तरी पुरतं. मी सत्तेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, घरात माणसांपेक्षा पुस्तकं जास्त.

सातव्या दिवसाची प्रार्थना आटोपून पास्टर गेले. अंगणात तिघं उरलो. मी, सुरतेला मानसशास्त्र शिकवणारा माझा धाकटा भाऊ जोसेफ, आणि बाबांचे थोरले भाऊ वाहरूकाका. माझ्या आजीला गावानं डाकीण म्हणून हाकललं, ती सात वर्षांच्या बाबांना घेऊन मिशनच्या आश्रयाला गेली, आणि बाबा ख्रिस्ती झाले. काका बारा वर्षांचे होते. ते गावातच राहिले, जुन्या देवांपाशी. एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"प्रिस्किला, पोरी, तू नवापूरला खोली बघ," काका म्हणाले. "हे घर बंद राहू दे."

"का?"

"मला विचारू नको. मरणारा माणूस स्वतःचं बोलत नाही. त्याच्या तोंडून आधीचे बोलतात, आजा, पणजा. ते कशाला खोटं बोलतील?"

जोसेफनं चष्मा पुसला. "काकांचं चुकतंय, ताई." मला क्षणभर बरं वाटलं. "पूर्वज वगैरे काही नसतं. ते बाबांचं स्वतःचंच होतं. दाबून ठेवलेलं. चार महिने तू त्यांना धरून अंघोळ घातलीस, मीठ तोडलंस, बिडी तोडलीस. राग साचतो. शेवटी पहारा सुटतो आणि खरं बाहेर येतं."

"म्हणजे बाबांना माझा तिरस्कार होता."

"मी तसं म्हटलं नाही."

"वर्गात तरी धड बोलतोस का रे?"

"तू ना, प्रत्येक गोष्ट अंगावर घेतेस."

"अंगावर आलीय म्हणून घेतेय."

त्याच्या एम.ए.ची पुस्तकं त्याच्याआधी मी वाचली होती. व्हिएन्नाचा डॉक्टर म्हणायचा, नेणीव म्हणजे माणसाची खासगी कणगी. नको असलेल्या इच्छा आणि आठवणी त्यानं स्वतःच आत कोंबून वर शेण लिंपलेलं असतं. त्याचा स्वित्झर्लंडचा सोबती पुढे त्याच्यापासून फुटला. तो म्हणाला, कणगी आहेच, पण तिच्याखाली पाणी आहे, सगळ्या गावाचं एकच. कुणीही हापसलं तरी त्याच जुन्या आकृती वर येतात, आई, म्हातारा, चेटकीण. दोघांनी पुन्हा एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

आता माझा भाऊ एकाच्या बाजूनं बोलत होता आणि शाळेची पायरी न चढलेले काका, नकळत, दुसऱ्याच्या जवळपासचं. निकाल मात्र एकच होता, बोट माझ्याकडेच. खरं तर दुसऱ्या डॉक्टरनं काकांनाही झापलं असतं. खालून आलेल्या आकृतीला आधार कार्ड नसतं, तिला प्रिस्किला नाव तुम्ही देताय.

"तुम्ही दोघं शेवटच्या आठवड्यात आलात," मी म्हणाले. "चार महिन्यांत बाबा हे पाच वेळा म्हणाले. दोनदा तर भिंतीला. आणि प्रत्येक वेळी नंतर काय करायचे, पाहिलंय कुणी?"

जोसेफनं काकांकडे पाहिलं.

"उजव्या हाताचं बोट डाव्या मुठीत लपवायचे. आईला हाक मारत रडायचे, लहान पोरासारखे. 'मी नाही दाखवलं' म्हणायचे."

जोसेफ काहीतरी बोलणार होता. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"काका, डाकीण शोधायला भगतानं दाणे पाहिले तेव्हा आजीकडे बोट कुणी केलं?"

कुंपणापलीकडे फुलीबाईचा झाडू थांबला.

"जुनं कशाला उकरतेस?"

"आत्ताच म्हणालात, आधीचे खोटं बोलत नाहीत. आता तुम्हीच आधीचे उरलात. बोला."

काकांनी काठी एका हातातून दुसऱ्यात घेतली. "लेकरू खोटं बोलत नाही, म्हणून भगतानं तुझ्या बापाला पुढं केलं. तो हलेना. मग भगत मला म्हणाला, भावाचा हात धर. मी धरला. आईकडे फिरवला. मीपण लहानच होतो."

"बारा वर्षांचे."

"आणि गाव सोडताना तिनं त्यालाच कडेवर घेतलं," काका म्हणाले. "मला नाही."

जोसेफनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला आता काका समजले असावेत. मला समजून घ्यायचं नव्हतं. सात दिवस त्यांनी पूर्वजांना पुढं केलं होतं, कारण भावाची कणगी उघडली असती तर आत यांचाच हात निघाला असता.

"हे फुलीबाईला सांगा," मी म्हणाले. "तिच्या दारात उभं राहून, मोठ्यानं."

"तिनं ऐकलं असेल."

"ऐकलेलं ती विसरेल. सांगितलेलं बाजारात नेईल."

ते गेले. वीस पावलं त्यांना फार लागली. शब्द मला ऐकू आले नाहीत. फुलीबाईचं "अगं बाई" तेवढं आलं.

दुसऱ्या सकाळी ती हंडा घेऊन आमच्या हापशीवर आली. भरला, आणि डोक्यावर चढवायला हात मिळावा म्हणून माझ्याकडे पाहत उभी राहिली, नेहमीसारखी.

मी पायरीवर बसून होते. उठले नाही. तिनं गुडघ्यावर टेकवून हंडा एकटीनं उचलला. अर्धं पाणी माझ्या अंगणात सांडलं.