गोजरमाईची तुंबडी

तिसगावच्या बाजारादिवशी गोजरमाईच्या पडद्याबाहेर बायकांची ही भलीमोठी रांग. पडद्याआड माई पितळी तुंबडीत कापूस पेटवायची, बाईच्या छातीवर ती पालथी दाबायची. उचलली की अंगावरून पांढरी चरबी ओघळायची! माईची चेली ती वाटीत धरून बाहेर मिरवायची.

"पाप साठतं अन् चरबी हुतं गं! चिरा न्हाई, टाका न्हाई, माईनं वढून काढलं!"

बायका हात जोडायच्या.

शाळेतल्या विजयमालाबाई तिसऱ्यांदा रांगेत होत्या. विश्वासानं नव्हे, थकून. छातीच्या भारानं मान आखडलेली, खांद्यांवर पट्ट्यांचे खोल वळ, उन्हाळ्यात छातीखालची कातडी सोललेली. फळ्याकडे वळलं की मागं पोरं खुसखुसत. सांगायचं तरी कुणाला?

दोन खेपांनी ब्लाउज बोटभरही सैल झाला नव्हता. या वेळी त्यांनी तो ओघळ रुमालानं टिपला. घरी येऊन हुंगला. डालडा!

त्यांना राग आला तो स्वतःचाच. शनिवारी शाळा सुटल्यावर त्या एसटीनं नगरला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, माईच्या तुंबडीची आणि रुमालातल्या डालड्याची हकीकतही ऐकली.

"हे दुखणंच आहे. पुण्याला ऑपरेशन होतं. भूल देऊन बारीक नळीनं चरबी ओढून घेतात. काहींना कापूनही कमी करावं लागतं. सूज येते, वण राहतात, काही आठवडे जपावं लागतं."

"न दुखता, न कापता नाही निघत?"

"तसा फक्त डालडाच निघतो, बाई."

पुढच्या बाजाराला विजयमालाबाई पितळी पेला आणि घरचा पाटा घेऊन आल्या. सगळ्यांसमोर पेल्याच्या तळाला आतून डालडा थापला, कापूस पेटवून आत टाकला, पेला पाट्यावर पालथा घातला. उचलला, तर पाट्यावर पांढरा ओघळ!

"सांगा, या दगडानं कसलं पाप केलं? जाळानं तळाचा डालडा वितळतो. आतली हवा तापून निवली की कातडी वर ओढली जाते. एवढीच माईची विद्या."

"मास्तरीन नास्तिक हाय!" गोजरमाई किंचाळली. "श्रद्धा न्हाई, म्हनून हिचा भार उतरंना!"

विजयमालाबाई रांगेतल्या बायकांकडे वळल्या.

"भार आहे माझ्या छातीला. मान दुखते, कातडी सोलते. येत्या सुट्टीत ऑपरेशन करून घेणार आहे. बायांनो, हे दुखणं आहे, पाप नाही. आपण लाजून गप्प बसतो, म्हणून यांचं फावतं. डॉक्टरला विचारा. धोका काय, तेही विचारा. पटलं तरच करा."

कुणी टाळी वाजवली नाही. रांगेतून फक्त चांगुणाबाई पुढं आली, पदर गच्च धरून.

"बाई, त्यो दवाखाना नगरात कुठशीक हाय?"

विजयमालाबाईंनी दमल्या आवाजात पत्ता सांगितला. मग तिच्या मागं येऊन उभ्या राहिलेल्या बाईसाठी पुन्हा एकदा सांगितला.